सातवं अक्षर

कुलसुम मुकादम यांचं बिल
सात महिने अडकलंय.
दारुखान्यातून त्या आम्हाला ताडपत्री देतात, सुतळी, नायलॉनचा दोर
आणि दर सोमवारी अकराच्या आत एक फोन.
"बाई, मी आहे का तुमच्याकडे?"
मी कोड टाकते. एम, आडवी रेघ, शून्य चार एक सात.
पडदा जरा विचार केल्यासारखं करतो
आणि म्हणतो: नोंद सापडली नाही.

"आहात," मी म्हणते. "दिसत नाही आहात फक्त."
"मग चष्मा बदला," त्या म्हणतात.

बदललं की सगळं.
लॉगिन, परवानग्या, पासवर्ड.
सर्व्हर बंद करून चालू केला,
अडलेल्या पंख्याला काठीने ढोसावं तसा.
इंडेक्स नव्याने बांधला, रात्री, ऑफिसात कुणी नसताना.
पुण्याच्या सल्लागाराने तासाचा दर आधी सांगितला,
मग म्हणाला, कॅशे साफ करा.
केली.
नोंद सापडली नाही.

खाली रे रोडला लोखंड उतरतंय.
पत्रा पडला की माझा चहा कपात शहारतो.
आणि मी अख्खा तक्ता उघडून बसलेय,
अकरा हजार ओळी, कसलीच चाळणी न लावता,
निवडायला घेतलेल्या तांदळासारख्या.

नऊ हजारांच्या पुढे कुठेतरी: त्या.
एम-०४१७. मुकादम ताडपत्री.
पत्त्यासकट, रीतसर, जागच्या जागी.
हाक मारली की ओ देत नाहीत, इतकंच.

तेव्हा मी यंत्राला पोरकट प्रश्न विचारला:
या कोडात अक्षरं किती?
मी बोटांवर मोजली होती. सहा.
ते म्हणालं, सात.

सातवं शेवटी होतं.
कोरं.
मी त्याला पिवळा रंग दिला तेव्हा कुठे दिसलं,
शब्द संपल्यावरही कुणी दाराशी रेंगाळावं तसं.

अशी एक हजार एकशे त्रेचाळीस निघाली.
बाकीच्यांनी फोन केला नव्हता,
उधारी विसरले असतील, कंटाळले असतील, काही गेलेही असतील.
सगळ्यांपुढे नोंद करणाऱ्याचं नाव एकच: श. टिपणीस.

शरयू टिपणीस निवृत्त होऊन आठवा महिना.
मुलुंडला फोन लावला. मागे कुकरची शिट्टी.
"अगं, टाइपरायटरवर शिकलेली मी.
शब्द संपला की अंगठा पडतोच."
"मग तुम्हाला या नोंदी सापडायच्या कशा?"
"शोधतानाही पडायचाच ना."

सव्वीस वर्षं
या कंपनीत काहीही हरवलं नव्हतं.
रोज चुकीला चूक भेटत होती, कडीला कोयंडा,
आणि ऑडिटला सगळं बरोबर.
मग शाल, श्रीफळ, मनगटी घड्याळ,
ग्रुप फोटोत कडेला हसणारे ऑडिटर,
आणि अंगठा घरी गेला.

दुरुस्तीची आज्ञा एका ओळीची आहे.
शेपटीची जागा कापा, बस्स.
मी ती लिहून पाच-सात मिनिटं तशीच बसले,
काय वाटत होतं ते नीट सांगता येणार नाही.
मग एंटर.
एक सेकंदही लागला नाही.

सोमवारी फोन आलाच.
"पैसे आले," कुलसुमबी म्हणाल्या.
"आता नवीन दर पाठवते. दोर महागलाय."

तक्रार बंद करताना यंत्र कारण मागतं.
मी लिहिलं: बाईंचा अंगठा. खोडलं.
लिहिलं: आपण कुणी विचारलंच नाही. तेही खोडलं.
रकाना कोरा ठेवून पुढे जायला बघितलं,
तर लाल अक्षरांत उमटलं:
हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

मी एकदा स्पेस दाबली.

चाललं.